नदी नेमकी कुठे सुरू होते?

पावसाळा जोर धरू लागला की बातम्यांमध्ये दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘नदीने धोक्याची पातळी ओलांडली’ हे एक आणि ‘नदीने पात्र सोडले’ हे दुसरे. उन्हाळ्यात त्यांची जागा ‘नदी आटली’ हे तिसरे वाक्य घेते. तिन्ही वाक्यांमागे नदीचे एकच चित्र असते. ती डोंगरात एका ठिकाणी उगम पावते, ठरलेल्या मार्गाने वाहते आणि समुद्राला मिळते. नकाशावर तिच्यासाठी एक निळी रेघ ओढलेली असते आणि पूर येणे किंवा पाणी आटणे ही त्या रेघेची बेशिस्त ठरते. नदीविषयीच्या आपल्या बहुतेक गैरसमजांचे, आणि तिच्याबाबत घेतल्या गेलेल्या अनेक चुकीच्या निर्णयांचेही, मूळ या निळ्या रेघेत आहे असे मला वाटते. एका विस्तीर्ण भूप्रदेशावर पडलेले पाणी आणि त्या प्रदेशाची झिजलेली माती यांची उताराच्या दिशेने चाललेली वाटचाल म्हणजे नदी. ही वाटचाल कशी सुरू होते, ती मार्ग कसा काढते आणि मधेच तो का बदलते, हे एकदा नीट समजून घेतले की बातम्यांतील त्या तिन्ही वाक्यांचा अर्थ बदलतो.

उगमाचा ठिपका कोण ठरवतो?

प्रत्येक मोठ्या नदीला एक उगमस्थान सांगितलेले असते, पण ते ठरवण्याचा सर्वमान्य नियम नाही. मुखापासून सर्वांत दूरच्या ओहळाचे टोक म्हणजे उगम, असे काही जण मानतात. ज्या शाखेतून सर्वाधिक पाणी येते तिचे टोक खरे, असे दुसरे म्हणतात. आणि पुष्कळदा परंपरेने ज्या जागेला मान दिला तीच जागा कायम राहते. मिसिसिपी या नदीचे उदाहरण बोलके आहे. तिला येऊन मिळणारी मिसुरी ही उपनदी संगमाच्या वरच्या मिसिसिपीपेक्षा कितीतरी लांब आहे, तर ओहायो ही दुसरी उपनदी तिच्यापेक्षा जास्त पाणी आणते. तरीही तिघींच्या एकत्रित प्रवाहाला नाव मिळाले ते मिसिसिपीचे. गंगेचेही असेच आहे. गोमुखाच्या हिमनदीतून निघते ती भागीरथी, आणि देवप्रयागला तिचा अलकनंदेशी संगम झाल्यानंतरच्या प्रवाहाला गंगा हे नाव मिळते.

म्हणून नदी कुठे सुरू होते, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की ती तिच्या सगळ्या खोऱ्यात सुरू होते. खोरे म्हणजे ज्या प्रदेशावर पडलेल्या पावसाचे पाणी वाहत वाहत शेवटी एकाच नदीत पोहोचते तो सगळा प्रदेश. दोन खोऱ्यांमधील उंच सीमेला जलविभाजक म्हणतात. कौलारू घराचे आढे डोळ्यांसमोर आणले की ही कल्पना लगेच स्पष्ट होते. आढ्याच्या अलीकडे पडलेला थेंब पुढच्या अंगणात पागोळीवाटे उतरतो आणि वीतभर पलीकडे पडलेला थेंब मागच्या परसात जातो; दोघे एकाच ढगातून पडलेले असले तरी पुन्हा भेटत नाहीत. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटर आहे, तरीही तिचे पाणी उलट दिशेला सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, कारण सह्याद्रीची धार हे आढे आहे आणि त्याच्या पूर्वेकडचे पठार पूर्वेलाच कललेले आहे. कोणता समुद्र जवळ आहे, हे पाण्याला कळत नाही. पायाखालची जमीन या क्षणी कुठे उतरते, एवढेच त्याला लागू पडते.

पहिला ओहळ

नदीचा जन्म पाहायचा असेल तर उघड्या मातीच्या उतारावर पहिल्या जोरदार सरीच्या वेळी उभे राहावे. पहिले थेंब माती उडवतात आणि दिसेनासे होतात, कारण कोरड्या जमिनीतील फटी व पोकळ्या त्यांना गिळून टाकतात. पाऊस वाढत गेला की एक क्षण असा येतो की जमीन जितके पाणी शोषू शकते त्याहून अधिक पाणी वरून येऊ लागते, किंवा खालची माती आधीच पूर्ण भरलेली असते. मग पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर चमकू लागतो आणि उतारावरून हलकेच सरकू लागतो. अजून त्याला वाट नसते. गवताच्या काडीपाशी तो दुभंगतो, खड्याला वळसा घालतो, एखाद्या खोलगट जागी क्षणभर साचतो आणि तिथून ओसंडतो.

या पातळ थराचे ओहळात रूपांतर होते ते एका साध्या कारणाने. जिथे जमीन केसभर अधिक खोल असते तिथे पाण्याची जाडी थोडी वाढते. जाड थराला तळाचे घर्षण तुलनेने कमी जाणवत असल्यामुळे तो अधिक वेगाने धावतो. वेग वाढल्यामुळे तो मातीचे कण उचलतो. कण निघून गेल्यामुळे ती जागा आणखी खोल होते आणि आजूबाजूचे पाणी तिथे ओढले जाते. खोल जागा अधिकच खोल होत जाते. अर्ध्या तासाच्या पावसात बोटाएवढ्या रुंदीची चर उमटलेली दिसते, आणि ती चर खालच्या बाजूला लांबते तशी वरच्या बाजूलाही मागे सरकते, कारण तिच्या माथ्याशी पाणी पायरीवरून पडल्यासारखे पडून काठ कोरत राहते. मोठ्या नद्याही याच रीतीने डोंगराच्या अंगात मागे मागे शिरतात. कधी अशी एखादी नदी जलविभाजक पोखरून पलीकडच्या प्रवाहापर्यंत पोहोचते आणि त्याचे पाणी आपल्याकडे वळवून घेते; भूगोलात याला नदी-अपहरण म्हणतात.

अशा असंख्य चरी एकमेकींना मिळतात. दोन ओहळांचा ओढा होतो, ओढ्यांची उपनदी आणि उपनद्यांची नदी. वरून पाहिले तर ही रचना पानाच्या शिरांसारखी दिसते. अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ मध्ये या जाळ्याला श्रेणी लावण्याची पद्धत मांडली आणि त्यातून एक नियमितपणा समोर आला. सर्वांत लहान ओहळापासून मोठ्या नदीकडे चढत जाणाऱ्या दर श्रेणीला प्रवाहांची संख्या झपाट्याने कमी होत जाते आणि त्यांची सरासरी लांबी वाढत जाते. नाव नसलेले, पावसाळ्यापुरते वाहणारे, नकाशावर बहुधा न दाखवलेले ओहळ हेच नदीच्या एकूण लांबीतील सर्वांत मोठा वाटा असतात. ते बुजवून वर बांधकाम केले की नदीचे काय बिघडते हे कुणाला पटकन दिसत नाही. पण हात-पाय तोडलेल्या देहासारखी तिची अवस्था झालेली असते.

पाऊस थांबला, तरी पाणी येते कुठून?

पृथ्वीवरील सगळे पाणी दहा लाख लिटर मानले, तर त्यातील दीड-दोन लिटर पाणीच कोणत्याही क्षणी जगातील सर्व नद्यांमध्ये असते. उलट वर्षभरात नद्या समुद्रात जे पाणी ओततात ते सुमारे ४०,००० घनकिलोमीटर भरते. नद्यांमध्ये एका वेळी असणारे पाणी साधारण २,००० घनकिलोमीटर आहे, म्हणजे हा साठा वर्षातून कितीतरी वेळा पूर्ण रिकामा होऊन पुन्हा भरतो. नवीन पाणी आले नाही तर काही आठवड्यांत सगळ्या नद्या कोरड्या पडाव्यात, असा हा हिशेब आहे. मग चार-चार महिने पाऊस नसतानाही अनेक नद्या वाहतात त्या कशा?

हा प्रश्न माणसाला फार काळ सतावत होता. समुद्राचे पाणी भूगर्भातील वाटांनी डोंगरात चढते आणि झऱ्यांतून बाहेर पडते, असे युरोपातील विद्वान सतराव्या शतकापर्यंत गंभीरपणे मांडत होते, कारण एवढ्या नद्या चालवण्यास पाऊस पुरेसा असेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. १६७४ मध्ये पिएर पेरॉ या फ्रेंच गृहस्थाने सरळ मोजून पाहिले. सीन नदीच्या वरच्या भागातील खोऱ्यात वर्षाला किती पाऊस पडतो आणि नदीतून किती पाणी वाहून जाते, याचा त्याने हिशेब मांडला, तेव्हा पाऊस नदीच्या पाण्याच्या सुमारे सहापट निघाला. पाऊस पुरतो की नाही हा प्रश्नच मिटला. उरलेले पाणी कुठे जाते, हा प्रश्न उभा राहिला.

त्यातील मोठा भाग वाफ होऊन आणि झाडांच्या पानांतून हवेत परततो. उरलेल्यापैकी काही जमिनीत मुरतो, मातीच्या कणांमधून आणि खडकांच्या भेगांमधून खाली जातो आणि जिथे सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात तिथपर्यंत पोहोचतो. त्या भरलेल्या भागाच्या वरच्या सीमेला भूजल पातळी म्हणतात. विहिरीत दिसणारे पाणी ही तीच पातळी. हे पाणीही स्थिर नसते. भिजलेल्या जाड स्पंजमधून पाणी निथळावे तसे ते अतिशय सावकाश उताराकडे सरकते आणि जिथे दरीचा तळ भूजल पातळीच्या खाली असतो तिथे काठांतून व तळातून पाझरून नदीत उतरते. कोरड्या हंगामात नदीत जे पाणी दिसते ते बहुतांश असे महिन्यांपूर्वी, कधी वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचे असते. हिमाच्छादित पर्वतांतील नद्यांना वितळणाऱ्या बर्फाचीही जोड मिळते, पण जगातील बहुसंख्य नद्यांचा कोरड्या दिवसांतील आधार भूजल हाच आहे.

इथे एक शंका रास्त आहे. नदीकाठच्या विहिरींना नदी पाणी देते, असे आपण ऐकतो; मग खरे कोण कुणाला देते? उत्तर पातळीवर अवलंबून आहे. भूजल पातळी नदीपेक्षा उंच असेल तर जमीन नदीला पाणी देते, आणि खाली असेल तर नदी जमिनीला. वाळवंटी प्रदेशांत दुसरा प्रकार नेहमीचा आहे. आता विंधनविहिरींनी भूजल पातळी खोल नेल्यामुळे एकेकाळी बारमाही असलेले अनेक प्रवाह पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेले आहेत. पाऊस तेवढाच पडूनही नदी लवकर आटते तेव्हा पाणी नदीतून नव्हे, तिच्या खालून गेलेले असते.

उतार किती लागतो?

पाणी उताराकडे वाहते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो उतार किती थोडा पुरतो, याची मात्र सहसा कल्पना नसते. पेरू देशातील इक्विटोस हे शहर ॲमेझॉनच्या काठी, समुद्रापासून नदीमार्गाने सुमारे ३,६०० किलोमीटर अंतरावर आहे आणि समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम शंभर मीटर आहे. म्हणजे दर किलोमीटरला तीन सेंटिमीटरही उतार नाही. इतका कमी की डोळ्यांना ती जमीन सपाटच दिसते. एवढ्या उतारावरून जगातील सर्व नद्यांच्या मिळून पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा समुद्राकडे जातो.

नदी दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे वाहणे ‘स्वाभाविक’ आहे, असा समज नकाशा भिंतीवर टांगण्याच्या सवयीतून आला आहे. नाईल, ऱ्हाईन, लेना आणि ओब या मोठ्या नद्या उत्तरेकडे वाहतात, कारण त्यांची जमीन तिकडे उतरते. प्रत्येक नदी समुद्राला मिळते हेही खरे नाही. लुणी कच्छच्या रणात विरते आणि ओकावांगो बोत्स्वानातील दलदलीत पसरून वाफ होऊन जाते.

याहून अवघड वाटणारी शंका अशी की सिंधू आणि ब्रह्मपुत्रा या नद्या हिमालयाच्या पलीकडे उगम पावून हिमालय छेदून अलीकडे येतात. पाणी जर उंच जागा टाळते, तर त्यांनी जगातील सर्वांत उंच पर्वतरांग कशी ओलांडली? त्यांनी ती ओलांडली नाही. त्या आधीपासून तिथे वाहत होत्या आणि पर्वत त्यांच्या वाटेत नंतर उभा राहिला. करवत जागच्या जागी चालू ठेवून ओंडका खालून हळूहळू वर उचलत नेला, तर करवत न हलताही ओंडक्यात खोल खाच पडत जाईल. पर्वत वर येण्याचा वेग आणि नदीने खडक कापण्याचा वेग जुळत राहिला म्हणून नदीला मार्ग सोडावा लागला नाही.

वेग आणि ओझे

डोंगरातली नदी वेगवान आणि मैदानातली संथ, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. अमेरिकी भूशास्त्रज्ञ लुना लिओपोल्ड यांनी अनेक नद्यांवरील मोजमापे तपासली आणि १९५३ मध्ये दाखवून दिले की मुखाकडे जाताना नदीचा सरासरी वेग साधारणपणे घटत नाही, उलट थोडा वाढतोच. डोंगरातील प्रवाह उथळ असतो आणि खडक-धोंड्यांवर आपटून, फेसाळून आपली बहुतेक ऊर्जा खर्च करतो. तो धावतो आहे असे वाटते, पण त्यातले बरेच पाणी जागच्या जागी घुसळत असते. अरुंद बोळातून जाणाऱ्या गर्दीत प्रत्येकाचा खांदा भिंतीला घासतो, रुंद रस्त्याच्या मधोमध चालणाऱ्याला मात्र भिंतीची अडचण होत नाही. मैदानातील खोल नदीचे बहुतेक पाणी असे तळ व काठ यांपासून दूर असते. वरून शांत दिसणाऱ्या नदीत उतरणे धोक्याचे असते, ते याचसाठी.

नदी पाण्याबरोबर ओझेही वाहते. विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत, बारीक गाळ पाण्यात तरंगत जातो, वाळू उड्या मारत पुढे सरकते आणि गोटे तळाशी गडगडत जातात. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा सर्वांत मोठ्या दगडाचे वजन ढोबळमानाने ६४ पट होते. वर्षभर जागचा न हललेला धोंडा एका रात्रीच्या पुरात कोसभर खाली सापडतो, तो या हिशेबामुळे. म्हणूनच नदीच्या भूरूपांवर नेहमीच्या दिवसांपेक्षा पुराच्या थोड्या दिवसांचा ठसा अधिक असतो. भोवऱ्यात सापडलेले गोटे खडकाच्या तळाशी गोल गोल फिरून रांजणखळगे कोरतात. कुकडी नदीत निघोजजवळ ते पाहायला मिळतात. धबधब्याच्या पायथ्याशी मऊ खडक आधी झिजतो, वरचा कठीण थर आधार गेल्यामुळे कोसळतो आणि धबधबाच मागे सरकतो. नायगारा धबधबा अशा रीतीने सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे आला आहे.

वळणे कशासाठी?

नदीला कुठेतरी पोहोचायचे आहे, मग ती सरळ का जात नाही? मैदानातील नदीची नागमोडी वळणे पाहून ती आळसावल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात सरळ राहणे हीच तिच्यासाठी अशक्य गोष्ट आहे, आणि याचे कारण एका पेल्यात पाहता येते. पेल्यातील पाण्यात चहाची पत्ती किंवा वाळलेल्या पानांचा चुरा टाकावा, चमच्याने जोरात गोल ढवळावे आणि चमचा काढून घ्यावा. चुरा बाहेरच्या कडेला फेकला जाईल असे आपल्याला वाटते, पण तो तळाशी मधोमध गोळा होतो. गोल फिरणारे पाणी कडेला किंचित उंच चढते, म्हणून कडेचा दाब आतल्या दिशेने ढकलत असतो. वरच्या वेगवान पाण्याची बाहेर जाण्याची ओढ या दाबाला तोलून धरते, मात्र तळाचे पाणी घर्षणाने मंदावलेले असल्यामुळे दाबापुढे हार खाते आणि चुऱ्यासह मध्याकडे सरकते. १९२६ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी चहाच्या पेल्याचे हेच उदाहरण देऊन नद्यांच्या वळणांचे स्पष्टीकरण दिले.

वळणावर नदीचे असेच होते. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो कोरते, तळाचे मंद पाणी ती वाळू आतल्या काठाकडे नेऊन टाकते. बाहेरचा काठ मागे हटतो, आतला पुढे येतो आणि वळण वाढत जाते. पडलेले झाड, कठीण मातीचा पट्टा, काठावरची एखादी दरड, एवढ्याशा निमित्तानेही सरळ प्रवाहात पहिले वळण सुरू होते आणि ते पुढच्या वळणाला जन्म देते. लहान ओढा असो की महानदी, एकाच बाजूच्या लागोपाठच्या दोन वळणांमधील अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण १० ते १४ पट असते. ही गोष्ट मला आजही थक्क करते. दगड वेगळे, हवामान वेगळे, आकार हजारपट वेगळा, आणि प्रमाण तेच. वळण फार वाढले की त्याची मान अरुंद होते, एखाद्या पुरात नदी ती मान कापून सरळ निघते आणि मागे नालाकृती सरोवर उरते.

पूर म्हणजे पात्र सोडणे का?

प्रवाहाला सोबत आणलेला गाळ पुढे नेणे झेपले नाही की तो तिथेच पसरतो. अशा थरांनी नदीच्या दोन्ही बाजूंना जी सपाट जमीन तयार होते तिला पूरमैदान म्हणतात. पुष्कळ नद्यांमध्ये पात्र काठोकाठ भरण्याइतके पाणी सरासरी दीड-दोन वर्षांतून एकदा येते, म्हणजे नदी आपले पात्र नेहमीच्या लहान पुरांच्या मापाने कोरते. मोठ्या पुराचे पाणी मैदानात पसरणार हे गृहीतच असते. पूरमैदान हे नदीचे पावसाळी पात्र आहे. ‘नदीने पात्र सोडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती बहुतेक वेळा आपल्या पात्राच्या दुसऱ्या मजल्यावर गेलेली असते आणि मधल्या कोरड्या वर्षांत तिथे आपण राहायला गेलेलो असतो.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की नदी सरळ करावी, खोल करावी आणि दोन्ही बाजूंना बांध घालावेत. फ्लोरिडातील किसिमी नदीबाबत १९६२ ते १९७१ या काळात तेच केले गेले. वळणे घेत जाणारी १६६ किलोमीटरची नदी ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात बसवण्यात आली. पूरमैदानातील पाणथळ जागा सुकल्या, पाणपक्ष्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली आणि अखेर १९९९ ते २०२१ या काळात मोठ्या खर्चाने सुमारे ७० किलोमीटर लांबीचा वळणदार प्रवाह पुन्हा मोकळा करावा लागला. सरळ केल्याने एका जागचे पाणी लवकर निघून जाते हे खरे आहे, पण ते खालच्या लोकांच्या दारात एकदम आणि अधिक उंचीने पोहोचते.

बांधांची अडचण निराळी आहे. पसरू न शकलेला गाळ दोन बांधांच्या मधेच साचतो, तळ उचलला जातो आणि कालांतराने नदी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच वाहू लागते. कोसी नदी हिमालयातून प्रचंड गाळ आणते. बांध घालण्यापूर्वीच्या सुमारे दोनशे वर्षांत ती शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकली होती. १९५० च्या दशकात तिला बांधांत अडवण्यात आले. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे बांध फुटला, तेव्हा नदीतील प्रवाह बांधाच्या ठरवलेल्या क्षमतेपेक्षा बराच कमी होता. तरीही पाणी पूर्वेकडच्या, कित्येक पिढ्यांपूर्वी सोडलेल्या वाटांनी धावले आणि बिहारमधील लाखो लोक बेघर झाले. चीनमधील पीत नदीने १८५५ मध्ये असाच मार्ग बदलला आणि तिचे मुख शेकडो किलोमीटर उत्तरेला गेले. बांध कुठेच नकोत, असे यातून निघत नाही. दाट वस्तीला त्यांचे संरक्षण लागते. बांध घातल्यावर गाळाचा हिशेब दरवर्षी ठेवावा लागतो आणि तो सहसा ठेवला जात नाही, इतकेच.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाने आणखी एक फसगत होते. असा पूर गेल्या वर्षी येऊन गेला, आता नव्याण्णव वर्षे चिंता नाही, असे पुष्कळांना वाटते. त्याचा खरा अर्थ असा की तेवढा पूर येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी एक टक्का आहे, काल आला असला तरी. तीस वर्षे एखाद्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. आणि खोऱ्यातील जमीन डांबर-काँक्रीटखाली गेली, तर हा एक टक्काही वाढतो, कारण जे पाणी मुरून महिन्यांनी नदीत उतरले असते ते त्याच दिवशी उतरते.

समुद्रात ‘वाया’ जाणारे पाणी

शेवटची शंका सर्वांत प्रचलित आहे. नदीचे गोडे पाणी समुद्रात वाया जाते, ते आधीच अडवून वापरायला काय हरकत आहे? पाणी अडवून वापरण्याची गरज कुणी नाकारू शकत नाही. माझा आक्षेप ‘वाया’ या शब्दाला आहे. समुद्रात जाणारे पाणी गाळ नेते आणि मुखाशी तो टाकून जमीन घडवते, तिला त्रिभुज प्रदेश म्हणतात. हा गाळ स्वतःच्या भाराने सतत दबत असतो, म्हणून त्यावर नव्या गाळाची भर पडत राहिली तरच जमीन पाण्यावर टिकते. १९७० मध्ये नाईलवर आस्वानचे मोठे धरण पूर्ण झाले आणि गाळ धरणामागेच राहू लागला, तेव्हापासून त्या नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा अनेक ठिकाणी समुद्र खातो आहे. गोड्या पाण्याचा रेटा कमी झाला की खारे पाणी नदीमुखातून आणि जमिनीखालून आत शिरते, विहिरी व शेते खारवतात. हे सगळे धरणाच्या जमाखर्चात बहुधा लिहिलेले नसते, कारण ते धरणापासून शेकडो किलोमीटर दूर घडते.

नदी मुखाशी संपते, हेही त्या निळ्या रेघेनेच सांगितलेले आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरवर्षी सुमारे शंभर कोटी टन गाळ खाली आणतात. त्यातील काही त्रिभुज प्रदेशात राहतो आणि बराचसा समुद्राखालच्या उतारावरून पुढे वाहतो. बंगालच्या उपसागराच्या तळावर या गाळाचा पंखा सुमारे ३,००० किलोमीटर दक्षिणेपर्यंत पसरला आहे. हिमालयात एखाद्या निनावी ओहळाने उचललेले कण श्रीलंकेच्या पलीकडे, विषुववृत्त ओलांडून, खोल समुद्रात थरांवर थर होऊन पडलेले आहेत.